ग्रुपबाहेरची वस्ती

भाऊसाहेबांचा फोन सापडत नव्हता.

दुपारची वेळ होती. पंचायतीचे कागद सहीला घेऊन मी त्यांच्या घरी गेले होते. सही काकूंची लागायची. काकू म्हणजे भाऊसाहेबांची बायको. जागा बाईसाठी राखीव निघाली म्हणून सरपंच त्या होत्या. सही त्यांची, बाकी सगळं भाऊसाहेबांचं. मी दाराच्या पायरीवर उभी. आत सोफ्यावर दोन पाहुणे चहा पीत होते. भाऊसाहेब उशा उलट्यापालट्या करत होते.

मला म्हणाले, "पोरी, एक रिंग दे बरं माह्या फोनवर."

मी दिली. दिवाणावरच्या गादीखाली गाणं वाजायला लागलं. काकूंनी गादी उचलली, फोन बाहेर काढला आणि सवयीनं स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचलं.

"म्हारीन कंप्युटर."

वाचलं आणि थांबल्या. "हे कोन हो? म्हारीन कंप्युटर कोन?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे हात केला. "हे काय दारात उभी हाये. हेच तं."

एक पाहुणा हसला. दुसऱ्यानं बिस्कीट चहात बुडवलं. मला वाटलं, आता कोणीतरी ओशाळेल. काकू तरी. कोणी ओशाळलं नाही. गाणं वाजतच होतं, कारण माझा फोन अजून चालू होता. तो बंद करायचं मला सुचत नव्हतं.

भाऊसाहेब समजावल्यासारखं म्हणाले, "लक्षात राहाले टाकलं पोरी. कंप्युटरवाल्यायचे लय नंबर हायेत. तुहं नाव सापडत नाई लवकर. अवघड नाव ठेवलं तुह्या बापानं."

काकूंनी सह्या केल्या. कागद माझ्या हातावर वरून सोडले. बोटाला बोट लागणार नाही असे. तेही नेहमीचंच.

मी "बरं" म्हणाले. खरंच म्हणाले. कागद छातीशी धरले, आणि तोंडातून निघालं ते "बरं".

माझं नाव मी इथे लिहिणार नाही. ते कोणाच्या फोनात काय होऊन बसेल, सांगता येत नाही. बाबांनी ते शोधून आणलं होतं एवढं सांगते. बाबा गवंडी. शाळा चौथीपर्यंत. माझा जन्म झाला तेव्हा ते उंद्रीला एका मास्तरांच्या घराचं काम करत होते. मास्तरांकडे बुद्धाच्या गोष्टींचं पुस्तक होतं. त्यातल्या एका भिक्खुणीचं नाव बाबांना आवडलं. सिमेंटच्या पोत्याचा कागद फाडून त्यावर ते लिहून घेतलं आणि घरी आणलं. माय सांगते, आत्यांना ते म्हणता येईना. बाबांनी सगळ्यांना ओळीत बसवून म्हणवून घेतलं. जीभ वळेपर्यंत उठू दिलं नाही.

आमचं गाव अमडापूरपासून आत आहे. वर गाव, खाली नाल्याच्या अंगाला आमची वस्ती. मी चिखलीला बी.ए. केलं, कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि पंचायतीसमोरच्या सेवा केंद्रात कामाला लागले. केंद्र भाऊसाहेबांच्या घरचं. दाखले काढणं, परीक्षेचे फॉर्म, पीकविम्याचे अर्ज. गावात दुसरं काम नव्हतं. पोरींना तर नव्हतंच.

तेव्हा घरोघरी मोठे फोन आले होते आणि पोरांना नावांचं वेड लागलं होतं. भाऊसाहेबांचा पोरगा विक्की फोनवर 'सरकार' झाला. कोणी 'राजे' झालं, कोणी 'किंग'. कोणी नावापुढे तलवार लावली, कोणी वाघ. ज्याच्या बापाची दोन एकर कोरडवाहू, तोही 'शेठ' झाला. केंद्रात येऊन माझ्यापुढे फोन ठेवायचे. "ताई, माह्या नावामांगं पाटील टाकून द्या न." मी टाकून द्यायचे. मला गंमत वाटायची.

आमच्या वस्तीतली पोरं दोन प्रकारची. काही नावापुढे निळा झेंडा लावायची. काही आडनावच गाळायची. माझा धाकटा भाऊ गाळणाऱ्यांतला. पुण्याला कंपनीत लागला आणि फोनवर 'अमडापूरकर' झाला. आमच्या घराण्यात हे आडनाव कधी नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, तिथं आधी आडनाव पाह्यतात, मंग फोटो. आडनाव टाकलं की रूमवर जागा भेटत नाही. तुले काय माहीत."

मला माहीत होतं. मीही माझ्या प्रोफाइलवर माझं नाव आणि बाबांचं नाव एवढंच ठेवलं होतं. पुढे काही नाही.

गावाचा ग्रुप मीच बनवला. भाऊसाहेबांनी सांगितलं आणि मी दोन दिवस बसून नंबर भरले. वरच्या आळीचे, बाजारपेठेतले, मळ्यातले. वस्तीतलेही सगळे भरले. मला कोणी भर म्हटलं नव्हतं, कोणी नको भरू असंही म्हटलं नव्हतं. नाव दिलं 'आपलं गाव'. फोटो लावला पाण्याच्या टाकीचा. मग भाऊसाहेबांना आणि विक्कीला ॲडमिन केलं. त्यांनी लगेच मला ॲडमिनमधून काढलं. ते ठीकच होतं. मी नोकर होते.

त्याआधी गावात दवंडी होती. माझे आजोबा द्यायचे. हलगी वाजवत आधी वर गावात फिरायचे, मग खाली वस्तीत यायचे. तो आमच्या माथी मारलेला मान होता आणि बाबांनी तो पुढे चालवला नाही. बरं झालं. मग भोंगा आला. भोंगा बिघडला तो कोणी दुरुस्त केला नाही. पंचायतीत ठरलं की आता सूचना ग्रुपवर. रॉकेल, रेशन, लाइनचं भारनियमन, टाकी धुणं, सगळं ग्रुपवर.

बाबांना मी फोन शिकवला. गिलाव्यानं फुटलेली बोटं काचेवर नीट लागत नसत. एकेक अक्षर शोधायला त्यांना वेळ लागायचा. ते ग्रुपवर फक्त वाचायचे. वस्तीतलं सगळंच वाचायचं. लिहायचं कोणी नाही. वरची माणसं दिवसभर देवाचे फोटो, लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर टाकायची. जयंतीला आमच्या एका पोरानं मिरवणुकीचा फोटो टाकला तर विक्कीनं लिहिलं, 'ग्रुप फक्त गावाच्या कामासाठी आहे.' फोटो पुसला गेला. त्याच्या वरचा हळदी समारंभाचा फोटो तसाच राहिला.

हे सगळं चाललं होतं. आम्ही चालू देत होतो.

उन्हाळ्यात वस्तीकडे येणारी पाइपलाइन नाल्याजवळ फुटली. नळाच्या पाण्याला घाण वास यायला लागला. मी पंचायतीत तोंडी सांगितलं. परत सांगितलं. शिपाई म्हणाला पाहू. शेवटी मी ग्रुपवर लिहिलं. माझा तिथला पहिला मेसेज. 'वस्तीकडची पाइपलाइन नाल्याजवळ फुटली आहे. पाण्याला वास येतो. कृपया दुरुस्त करावी.'

थोड्या वेळानं कोणी 'राजे' म्हणून होता, त्यानं विचारलं, 'ही कोण?'

दुसऱ्यानं लिहिलं, 'मॅडम आडनाव टाका न. लाजता काऊन?'

मग विक्कीनं फोटो टाकला. त्याच्या बापाच्या फोनच्या स्क्रीनचा. त्यावर माझा नंबर आणि नाव. म्हारीन कंप्युटर. खाली लिहिलं, 'पटली का ओळख.'

हसणारी तोंडं यायला लागली. पिवळी, डोळ्यांतून पाणी काढून हसणारी. एकाखाली एक. मी केंद्रात खुर्चीवर बसलेली आणि बोटानं वर सरकवत होते, संपतच नव्हती. मी ज्यांचे फॉर्म भरले ती तोंडं. ज्यांच्या पोरींना मी बारावीचा अर्ज भरून दिला ती. माझ्या वर्गातली दोन. हसली नाहीत ती माणसंही होती, बरीच होती. पण त्यांनीही वाचलं होतं. वाचलेल्याची खूण दिसते. वाचलं आणि गप्प बसली.

पाइपलाइनबद्दल कोणी एक शब्द लिहिला नाही.

घरी गेले तर बाबा ओट्यावर बसले होते. हातात फोन. चष्मा लावलेला. माझ्याकडे पाहिलं नाही. माय चुलीपुढे. तिला वाचता येत नाही, पण शेजारच्या पोरांनी सांगितलं होतं. बाबांचं बोट काचेवर हळू हळू फिरत होतं. मला वाटलं, परत तेच वाचत आहेत. मी म्हणाले, "बाबा, ठेवा तो फोन."

"थांब," म्हणाले. "आता होतेच."

माझा फोन वाजला. ग्रुपवर बाबांचा मेसेज होता. त्यांच्या आयुष्यातला पहिला. वेलांटी चुकलेली, अक्षरं मोडकी. त्यांनी लिहिलं होतं, 'ती माझी मुलगी आहे. तीचे नाव' आणि पुढे माझं पूर्ण नाव. माझं, त्यांचं, आणि आडनाव. जे मी लिहीत नव्हते ते आडनाव. खाली, 'नावाने बोला.'

वस्तीतल्या काही जणांनी त्याखाली अंगठा टाकला. शेजारच्या कमळामावशीच्या फोनवरूनही अंगठा आला. तिला फोनचं फार कळत नव्हतं, तिनं सुनेकडून तो टाकून घेतला होता.

मग ओळी यायला लागल्या. ॲडमिनने काढून टाकले. आधी बाबांचा नंबर. मग अंगठेवाले एकेक. मग अंगठा न टाकणारेही. मग मी. दुसऱ्या दिवशी कळलं की ग्रुपचं नावही बदललं. 'फक्त मूळ गावकरी'.

बाबा एकच वाक्य बोलले. "मूळ म्हनजे कोन? वेशीवर तं आपन होतो."

मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. लोक विचारतात, काऊन गेलीस? कारण माय रोजानं जायची आणि बाबांना त्या महिन्यात काम नव्हतं. भाऊसाहेब काही झालंच नाही असे बोलले. "पोरं हायेत, मस्करी करतात. तुह्या बापानं मनावर घेतलं." पाइप तसाच. वास तसाच. मी खाली मान घालून फॉर्म भरत राहिले. रोज वाटायचं की आता उठावं आणि निघून जावं. रोज संध्याकाळ व्हायची.

मग भाऊसाहेबांच्या पुतणीचं लग्न आलं. केंद्राला सुट्टी. वर गावात मांडव, टँकर, आचारी. हळदीच्या सकाळपासून टँकरची रांग. आम्हाला वाटलं, लग्नाचं पाणी आहे. शाळेसमोर गावातल्या बायकाही टँकरवर भरत होत्या. तेव्हाही आम्हाला वाटलं, लग्नघरानं सगळ्यांना वाटलं असेल. आमच्या नळाला पाणी आलं. आम्ही ते भरलं. प्यालो.

पहिली कमळामावशी पडली. ती मायची मैत्रीण. माय मजुरीला गेली की लहानपणी माझी वेणी तीच घालायची. घट्ट घालायची, डोळे ओढले जायचे. विधवा बाई, एक मुलगा, एक सून. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाल्याकडे जाऊन येत होती आणि परत जात होती. दुपारपर्यंत तिला उठता येईना. तोवर सुनेला सुरू झालं. मग समोरच्या घरातली दोन लेकरं. मग बाबा. वस्तीत एकेका घरातून उलटीचे आवाज यायला लागले. मी वर गावात धावत गेले. मांडवात गाणी चालली होती. जीपवाला म्हणाला, वरातीत आहे, नंतर पाहू. शेवटी अमडापूरहून मालवाहू गाडी मिळाली. तीत गोणपाट अंथरलं, माणसं आडवी घातली आणि चिखलीच्या सरकारी दवाखान्यात नेली.

वॉर्डात खाटा कमी पडल्या. बाबा जमिनीवर चटईवर. त्यांच्या हाताला सुई. त्यांचे डोळे आत गेले होते आणि ते पाणी मागत होते. मावशी पलीकडच्या खाटेवर. मी तिच्या उशाशी उभी, सलाईनची बाटली हातात धरून, कारण टांगायला खिळा नव्हता. तिचे पाय गार पडत चालले होते. मी एका हातानं चोळत होते.

तिथं शोभाकाकू भेटल्या. आमच्या गावच्याच, वरच्या आळीच्या. त्यांची लेक बाळंतपणाला आणली होती. बाई वाईट नाहीत. त्या मोसंबी घेऊन आमच्या वॉर्डात आल्या, सगळीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "काय झालं वं एवढ्या लोकायले?"

"पाणी बाधलं काकू. नळाचं."

त्या खऱ्याच चकित झाल्या. "पन ग्रुपवर आलं होतं न. हळदीच्या सकाळीच. नळाचं पानी कोनी पेऊ नका, तपासनीत खराब निंघालं, टँकरचं भरा म्हून. तुम्ही काऊन पेले?"

तुम्ही काऊन पेले.

बाटली धरलेला हात खाली येत होता, नर्सनं ओरडून वर करायला लावला. शोभाकाकूंनी फोन काढून दाखवला. होती सूचना. सकाळची. व्यवस्थित लिहिलेली. त्याखाली हात जोडलेली चित्रं, 'धन्यवाद सरपंच साहेब.' शोभाकाकूंना मग आठवलं असावं. त्या हळूच म्हणाल्या, "अवो माय. तुम्ही तं नव्हते त्याच्यात." आणि मोसंबी खाटेवर ठेवून निघून गेल्या.

कमळामावशी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. शेवटी ती माझ्याशी बोलली नाही, कोणाशीच नाही. तिचा मुलगा सुरतेहून निघाला होता, तो पोचायच्या आत गेली. बाबा जगले. पण त्यांच्या अंगातलं काहीतरी कायमचं गेलं. थापी धरली की हात थरथरतो. गवंड्याचा हात.

माती देऊन आलो तेव्हा वस्तीतल्या एका पोरानं कुठून तरी ग्रुपवरचा मेसेज मिळवला. 'वस्तीतील एका महिलेचे अल्पशा आजाराने निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.' एका महिलेचे. चाळीस वर्षं ती त्या गावात राहिली. त्यांच्या शेतात निंदायला गेली, त्यांच्या बाळंतिणींचे कपडे धुतले. तिला कमळाबाई नाव होतं.

मी पायरीवर बसून राहिले. रडू येत नव्हतं. मला वाटत होतं, मी ओरडले तरी आवाज निघणार नाही. मायनं विचारलं, "जेवतं का?" मी नाही म्हणाले. तिनंही ताट वाढलं नाही. आमच्या घरात तेव्हा कोणी पाणी पीत नव्हतं. घोट तोंडाशी नेला की सगळे एकमेकांकडे पाहायचे.

चौकशी लागली. तालुक्याहून माणसं येऊन पाण्याचे नमुने घेऊन गेली. त्या संध्याकाळी भाऊसाहेबांनी मला केंद्रात बोलावलं. स्वतः समोरच्या खुर्चीवर बसले. विक्की दाराशी. बोलणं नरम.

"झालं ते वाईट झालं पोरी. आपल्याले तहसीलात खुलासा द्या लागते. तुहं टायपिंग चांगलं हाये. मी सांगतो तसं लिही."

मी मशीन चालू केली. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. माननीय साहेब. विषय. संदर्भ. मग म्हणाले, "लिही. सदर सूचना सर्व ग्रामस्थांना वेळेवर देण्यात आली होती."

माझी बोटं थांबली.

"काय झालं?"

मी म्हणाले, "सर्व नाही."

"ग्रुपवर टाकली होती न."

"आम्ही ग्रुपात नव्हतो भाऊसाहेब."

"मंग त्याले आम्ही काय करावं? तुम्हीच भांडन काढलं. राह्यले असते गुमान तं कळलं असतं." मग आवाज आणखी खाली आणला. "आज घालून देतो सगळ्यायले परत. लिही तू. सर्व ग्रामस्थांना."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला खूप बोलायचं होतं. इतक्या वर्षांचं. तेव्हा त्यातलं काही आलं नाही. एवढंच आलं, "मी हे लिहिणार नाही."

"काऊन?"

"खोटं हाये म्हून."

विक्की म्हणाला, "माजली हे." भाऊसाहेबांनी त्याला हातानं गप्प केलं. मला म्हणाले, "विचार कर. उद्यापासून काय खाशील?"

मी मशीन बंद केली. अर्धवट खुलासा तसाच पुसला गेला. ओढणी सावरली आणि त्यांच्या दोघांच्या मधून बाहेर आले. या वेळी तोंडातून "बरं" निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि कमळामावशीची सून चिखलीला गेलो. ती अजून धड चालू शकत नव्हती. तहसीलात जबाब दिला. कारकुनानं विचारलं, "नाव?" मी सांगितलं. "पूर्ण." मी पूर्ण सांगितलं. आडनाव दोनदा उच्चारलं. तो वर न पाहता लिहीत होता. मग मी म्हणाले, मयत बाईचं नावही लिहा, आणि कोणी कोणाला कधी काढलं तेही लिहा. तो म्हणाला, ग्रुप खासगी गोष्ट आहे, त्याचा काय संबंध. मी म्हणाले, पाण्याची सूचना जिथं देता ती जागा खासगी कशी? त्यानं पेन ठेवलं. साहेबांना विचारून आला. मग लिहिलं.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. माझं काम गेलं. गावात बाबांना तसंही कोणी बोलावत नव्हतं, आता मायची मजुरी बंद झाली. किराणावाला आमच्याकडे सगळ्यात शेवटी पाहायचा. वस्तीतलीही दोन घरं म्हणाली, जगायचं इथंच हाये, कशाले वाढवतं? त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या घरात लहान लेकरं आहेत.

भावाचा फोन आला. मला वाटलं, तो बाबांची चौकशी करेल. केली. मग म्हणाला, "ताई, कोनीतरी तुह्या जबाबाची बातमी टाकली. तिच्यात आपलं आडनाव हाये, गावाचं नाव हाये. इथल्या पोरांनी मले विचारलं, तुहे कोन लागतात हे. मी म्हनलं, कोनी नाई."

मी विचारलं, "बाबांले देऊ का फोन?"

"नको," म्हणाला आणि रडायला लागला. मोठा घोडा झालेला पोरगा, पुण्यात कुठल्या तरी गच्चीवर उभा राहून रडत होता. मी फोन कानाला धरून राहिले. धीर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. त्याच्यावर रागावून उपयोग नाही. ज्यांनी त्याच्यावर ही वेळ आणली त्यांचा राग मी साठवून ठेवला आहे.

एक दिवस माझ्या फोनवर ओळ आली. मला परत ग्रुपात घेतलं होतं. बाबांनाही. वस्तीतल्या सगळ्यांना. ग्रुपचं नाव परत 'आपलं गाव'. विक्कीनं फुलांचं चित्र टाकलं, 'सर्वांचे स्वागत.' दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. त्यांना दाखवायचं होतं की बघा, सगळे आहेत.

वस्तीतली माणसं माझ्या दाराशी जमली. काय करायचं, विचारत होती. मी सांगितलं, तुम्हाला राहायचं तर राहा. मी राहणार नाही. मी त्यात एवढंच लिहिलं, 'पाण्याची सूचना हा आमचा हक्क आहे. ती ग्रुपवर नको. लेखी, दारोदार, सही घेऊन द्यावी. ज्याच्या बोटाखाली आम्हाला काढायचं बटण आहे त्याच्या भरवशावर आम्ही पाणी पिणार नाही.' आणि स्वतः बाहेर पडले. कोणी काढायच्या आत. बाबा माझ्यामागून पडले. मग मावशीची सून. मग आणखी काही. सगळे नाही.

पाइप आता जोडला आहे. कोणाला शिक्षा झालेली नाही. सूचना अजून फोनवरच येतात आणि मी रोज सकाळी पंचायतीत जाऊन विचारते, आज काही आहे का? शिपाई तोंड वाकडं करतो. मी उत्तर मिळेपर्यंत उभी राहते. लेखी अर्ज दिला आहे, तो फेटाळला. दुसरा दिला आहे. तोही फेटाळला तर तिसरा देईन.

सुनावणीच्या तारखा पडतात. साहेब बदलले, नव्या साहेबांपुढे सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मी सांगितलं. परत सांगावं लागलं तरी सांगेन. कितीही वेळा. माझा आवाज आता कापत नाही.

परवा तहसीलाच्या आवारात भाऊसाहेब भेटले. गाडीतून उतरले आणि सरळ माझ्याकडे आले. आजूबाजूला कोणी नव्हतं. म्हणाले, "किती दिस चालवशील पोरी हे? थकशील."

मी म्हणाले, "थकले तरी येईन. तुम्ही तुमचं पाहा."

ते काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात शिपायानं पुकारा केला. मी त्यांच्या आधी आत गेले आणि समोरच्या खुर्चीवर बसले.